आवाज आल्याशिवाय लाइन सोडायची नाही

लोक मला विचारतात, "मॅडम, खांबावर चढताना भीती वाटत नाही का?"

उंचीची भीती वाटत नाही. आमच्या वस्तीजवळची चिंच विजेच्या खांबाहून उंच होती आणि लहानपणी मी तिच्या शेंड्यापर्यंत जात असे. भीती असते ती तारेची. चालू तार आणि बंद तार दिसायला अगदी सारखी असते. दोन्हींवर चिमण्या बसतात, दोन्ही वाऱ्यानं हलतात. वर चढलेल्या माणसाला तार बंद आहे हे कळतं ते दुसऱ्या एका माणसाच्या सांगण्यावरून. ते माणूस कित्येक मैल लांब, एका खोलीत बसलेलं असतं. माझ्या बाबतीत ते माणूस पुष्कळ वर्षं मंदाताई होती. हा लेख मी माझ्या नोकरीवर लिहायला घेतला, पण मंदाताईला वगळलं तर त्यात लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

मी वीज कंपनीत लाइन स्टाफमध्ये आहे. लोकांच्या भाषेत वायरमन. बाई असले तरी वायरमनच. फार आदर दाखवायचा असला तर 'वायरमनबाई'.

आमचं काम थोडं समजावून सांगते. गावाबाहेर कुंपण घातलेली, खडी पसरलेली जागा तुम्ही पाहिली असेल. आत मोठाले ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतात. ते सबस्टेशन. तिथून वेगवेगळ्या गावांना लाइनी जातात, त्यांना आम्ही फीडर म्हणतो. एखाद्या खांबावर काम निघालं की वायरमन सबस्टेशनमधल्या ऑपरेटरला फोन करून परमिट मागतो. ऑपरेटर ब्रेकर पाडून त्या फीडरची वीज तोडतो, बाहेर यार्डात जाऊन लाइनचा खटका उघडतो, त्याला कुलूप घालतो, 'लाइनवर माणसे काम करीत आहेत' अशी पाटी अडकवतो आणि फोनवर परमिटचा नंबर देतो. मग, चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जावा म्हणून, वायरमन तारेला अर्थिंगचा रॉड लावतो आणि चढतो. उतरल्यावर तोच नंबर परत करायचा, मग ऑपरेटरनं लाइन सोडायची, म्हणजे वीज पुन्हा चालू करायची. सगळी विद्या एवढीच. बाकी पक्कड आणि पाना.

माझे वडील कुरकुंभला केमिकल कंपन्यांत ठेकेदाराकडे गाड्या भरायला जात. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. दौंडला आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन ट्रेड. नोकरी लागल्यावर बाहेरून परीक्षा देत बी.ए. झाले. माझ्यासारखीला इथवर आणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत आयटीआयचे आमचे सर पहिले. वर्गातली मुलं हसायची तेव्हा ते स्वतः शिडी धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "चढ गं, लाइटला बाई-पुरुष कळत नाही." भरतीच्या वेळी खांबावर चढून दाखवावं लागतं. वडील रजा टाकून आले होते आणि मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे होते. घरी गेल्यावर ते आईला म्हणाले, "आपल्या घरातलं पहिलं माणूस आज वर गेलं." आई म्हणाली, "काय वंगाळ बोलता!" आणि दोघंही हसत सुटले.

नेमणूक शिरूर तालुक्यात झाली. शिक्रापूरला खोली बघायला गेले. तिथं कंपन्यांतल्या कामगारांना खोल्या देणं हाच एक धंदा आहे. एका चाळीत माझ्या पुढ्यातच पाटण्याकडच्या चार मुलांना खोली दिली. त्यांना मालकानं एवढंच विचारलं, "दारू पीते क्या?" माझी पाळी आल्यावर विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"ओव्हाळ."

"अगं बाई," मालकीण आतून म्हणाली, "ती खोली तर आपण भाच्याला द्यायची म्हणत होतो ना?"

त्या आठवड्यात मला असे भाचे बरेच भेटले. शेवटी एका केरळी नर्सनं तिच्या खोलीत जागा दिली. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कुठंही गेलं की आडनाव सांगायचं नाही. "कोण?" म्हटलं की "वायरमन." फोनवर "छाया बोलतेय." पुढं काही नाही. पण खेड्यात त्याचा उपयोग होत नाही. आपण गावात पोचायच्या आधी आपलं आडनाव पोचलेलं असतं.

माझ्या फीडरवरच्या एका गावात, ज्याचं नाव मी लिहीत नाही, आप्पांचं घर होतं. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, जत्रा कमिटीचे प्रमुख. माणूस आडदांड, पण बोलायला गोड. त्यांची आई नव्वदीच्या घरात. मी त्यांच्याकडची वायर बदलून निघाले की म्हातारी गोमूत्राची वाटी घेऊन यायची आणि मी जिथं जिथं हात लावला तिथं शिंपडायची. त्यात मीटरची पेटीही आली. पेटीत पाणी गेलं की फ्यूज उडणार. फ्यूज उडाला की तक्रार, तक्रार आली की मी हजर. मी गेले की पुन्हा वाटी. एका पावसाळ्यात हे इतक्या वेळा झालं की मी फ्यूजची तार तिथं जास्तीची ठेवून यायला लागले. आप्पांना कारण कळत होतं. ते नुसते म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचं, बाई?" हे मी आज हसत लिहितेय. तेव्हा घरी जाऊन हात धुताना मला रडू यायचं. हात मळलेले असायचे ते ग्रीसनं.

मंदाताई आमच्या सबस्टेशनला आली ती अनुकंपावर. तिचा नवरा आमच्याच खात्यात वायरमन होता आणि खांबावरच गेला. तिचं माहेर कवठे येमाईचं, घर शेतकऱ्याचं, बारावी झालेली. ऑपरेटरच्या हाताखाली मदतनीस म्हणून तिला घेतलं. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी. ती आली तेव्हा मला बरं वाटलं. एवढ्या पुरुषांत आणखी एक बाई. पण पहिल्या दिवशी मी माठाकडे गेले तशी ती लगबगीनं उठली आणि म्हणाली, "थांबा ओव्हाळबाई, मी देते."

'मी देते' हे दोन शब्द मला लहानपणापासून ठाऊक आहेत. दिसायला पाहुणचार. पाणी वरून पडतं, आपण ओंजळ धरायची. मी म्हटलं, "राहू द्या, बाटली आहे माझी." त्यानंतर महिनाभर आम्ही एकाच खोलीत, पण दोन कोपऱ्यांत डबे खाल्ले.

तिलाही स्वतःचं असं एक कुंपण होतं, हे मला हळूहळू दिसायला लागलं. संक्रांतीला कॉलनीतल्या बायका घरोघर बोलावणं करत फिरायच्या, तिचं दार सोडून पुढं जायच्या. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात तिला हळदीच्या वेळी मागच्या खोलीत भाज्या निवडायला बसवलं होतं. आणि सबस्टेशनमध्ये तर ती पॅनेलकडे पाठ करूनच बसायची. ब्रेकर पडला की खाडकन आवाज होतो, त्या आवाजानं तिचे ओठ पांढरे पडायचे.

एक दिवस मुख्य ऑपरेटर बाहेर यार्डात होते आणि मी रॉड जमा करायला आले होते. एक फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. भोंगा वाजायला लागला. मंदाताई पॅनेलपुढं उभी, हात अर्धवट उचललेला. भोंगा बंद करायचं बटण तिच्या समोर होतं, पण हात पुढं जाईना.

मी तिचं मनगट धरलं आणि बोट बटणावर ठेवलं. भोंगा थांबला. मनगट मी तसंच धरून ठेवलं. तीही सोडवून घेईना.

"ह्येच्यानंच मारलं त्यास्नी," ती म्हणाली.

"पॅनेलनं नाही मारलं," मी म्हटलं. "पॅनेल सांगितलेलं करतं. सांगणारा चुकला असणार."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला शिकीवशील?"

यार्डाच्या सिमेंटच्या ओट्यावर मी खडूनं सगळं सबस्टेशन काढलं. हा येणारा करंट, हा ट्रान्सफॉर्मर, हे चार फीडर, हे खटके. तिला नकाशावर चालायला लावलं. "तू आता करंट आहेस. हा खटका उघडा आहे. कुठवर जाशील?" ती साडी सावरत खडूच्या रेघेवरून चालायची आणि खटक्याशी थांबायची. "हितंच थांबले बाई. पुढं वाट न्हाई." तिला हे इतकं आवडलं, की संध्याकाळी झाडूवालीलासुद्धा त्या रेघांवरून चालवायची.

दोन-तीन दिवसांनी मी उन्हातून आले. बाटली रिकामी होती. मंदाताई खडूनं काहीतरी लिहीत खाली बसली होती. मी उभीच राहिले. तिनं मान वर केली आणि माठाकडे हात केला.

"घे की पाणी. हात मोडलेत का तुझे?"

मी माठात तांब्या बुडवला आणि प्याले. याच्याहून गोड शिवी मला कुणी दिलेली नाही. मग ती पुटपुटली, "माझं चुकलंच व्हतं. घरात जसं बघितलं तसं केलं." मी म्हटलं, "जाऊ दे ताई." तेव्हापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. आईनं दिलेली सुकटाची चटणी मी डब्यात लपवून खायची, ती तिनं वासावरून ओळखली. "एकटीच खाती व्हय? सरक हिकडं." तिच्या शेंगोळ्या मला आणि माझी चटणी तिला, अशी वाटणी कायमची ठरली.

एकदा बाजारातून मी तिच्यासाठी अबोलीचा गजरा आणला. ती मागं सरकली. "मला न्हाई चालत आता."

"माळून तर बघ," मी म्हटलं. "ब्रेकर पडला तर काढ."

ती आधी रागावली, मग खुदकन हसली. दुपारपर्यंत एकही फीडर ट्रिप झाला नाही. निघताना तिनं गजरा काढून पर्समध्ये ठेवायला घेतला, पुन्हा केसांत खोचला आणि तशीच घरी गेली.

खात्याची परीक्षा देऊन ती ऑपरेटर झाली. ज्या दिवशी तिला पहिल्यांदा एकटीनं पॅनेल सांभाळायचं होतं, त्या दिवशी तिनं मला नवऱ्याची हकिगत सांगितली. तो खांबावर होता. खालच्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी सबस्टेशनला फोन केला, की काम झालं, लाइन सोडा. तेव्हाच्या ऑपरेटरनं सोडली.

"त्या माणसानं लबाडी न्हाई केली," मंदाताई म्हणाली. "त्याला वाटलं काम झालं. ऑपरेटरला वाटलं त्याला म्हाईत असंल. नुसत्या वाटण्यानं माणूस गेला, छाये." मग तिनं मला बजावलं, "मी वाटण्यावर लाइन सोडणार न्हाई. जो चढला त्याचा आवाज पायजे. नंबर कुणीबी सांगंल. तू उतरलीस का तुझ्या तोंडानं नाव सांगायचं, आडनावासकट. परमिट आडनावासकट असतंय."

"आवाज ओळखत नाहीस का माझा?"

"वळखते. तरी सांगायचं."

नियमाप्रमाणे नंबर पुरेसा असतो. आडनावाची अट मंदाताईची. पुरुष वायरमन तिची चेष्टा करायचे, "लग्न जमवताय का मंदाताई, कुळ विचारायला?" ती म्हणायची, "जमवते की. आधी खाली उतर." पण हळूहळू सगळेच सांगायला लागले. मला मात्र ते जड जायचं. जे आडनाव मी जागोजाग गिळत होते, ते दर कामाला भर रस्त्यात उभं राहून मोठ्यानं सांगायचं. पहिल्या पहिल्यांदा मी घाईघाईनं पुटपुटायची. तिकडून आवाज यायचा, "ऐकू न्हाई आलं. नीट सांग." गावातली माणसं ऐकत असायची. सांगत सांगत सवय झाली. पुढं तर मी ते असं म्हणायला लागले, जसं बाकीचे लोक आपापलं आडनाव म्हणतात.

आता आप्पांच्या गावाच्या जत्रेचा दिवस.

त्या गावात देवळापुढं एक लिंब आहे. काम निघालं की मी स्कूटी त्या लिंबाखाली लावायची. गावाला ती खूणच झाली होती. बायका चक्कीवर जायच्या आधी लिंबाकडे बघायच्या. वायरमनबाईची गाडी उभी असेल तर लाइट नाही, गाडी गेली की लाइट आली. जत्रेच्या दिवशी सकाळीच कॅनॉलच्या कडेच्या खांबावर तार सुटली आणि गाव बंद पडलं. माझा जोडीदार दुसऱ्या फीडरवर गेलेला. खरं तर एकट्यानं चढू नये. पण माणसं कमी आणि कामं जास्त हे आमच्याकडे बारमाही आहे.

मी लिंबाखाली स्कूटी लावली. मांडवातून आप्पा आले. तिथं आणखी पंधरा-वीस मोटारसायकली उभ्या होत्या.

"बाई, आज जरा गाडी पलीकडं घ्या. पालखी निघंल आता. तुमच्या आळीत लावा की, तिकडं मोकळं हाय."

'तुमच्या आळीत' म्हणजे बौद्धवस्तीत, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी त्या गावची नव्हे, तिथं माझी आळी असायचं काही कारण नव्हतं. बाकीच्या गाड्यांकडे मी बघितलं. आप्पांनीही बघितलं. मी स्कूटी वस्तीत लावली, खांद्यावर पिशवी घेतली, शिडी घ्यायला वस्तीतला एक माणूस बरोबर आला आणि खांबाशी सोडून कामाला गेला. खांबाच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंच ऊस होता. मंदाताईला फोन करून परमिट घेतलं. रॉड लावला. फोन पिशवीत ठेवून चढले.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. मंदाताईनं आणि पुढं खुद्द आप्पांनी सांगितलं तसं लिहिते.

काम वाटलं त्याहून लांबलं. इकडे मांडवात पाहुणे जमलेले, पिठाची गिरणी बंद, टाकीत पाणी चढेना. आप्पांनी देवळाच्या कट्ट्यावरून लिंबाकडे नजर टाकली. सकाळी आपणच गाडी हलवायला लावली, हे जत्रेच्या धांदलीत ते विसरले होते. गाडी नाही. त्यांनी सबस्टेशनला फोन लावला.

"बाई गेली काम करून. लाइन सोडा."

"कोण बोलतंय?" मंदाताईनं विचारलं.

"आप्पा बोलतोय. लिंबाखाली गाडी न्हाई तिची. गेली ती कवाच."

"तिला बोलू द्या माझ्याशी."

"अवं, ती हितं असती तर तिला बोलवली नसती का!"

मंदाताईनं मला फोन लावला. माझा फोन खाली पिशवीत वाजत राहिला. गावातून जनरेटरवर वाजणाऱ्या भोंग्याची गाणी येत होती, मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग आप्पांचा दुसऱ्यांदा फोन, आवाज चढलेला. त्यानंतर आमच्या साहेबांचा.

"मंदाबाई, गावाचा फोनवर फोन येतोय मला. काम झालंय म्हणतात. आज जत्रा आहे. सोडा लाइन."

"साहेब, छायाचा आवाज आला न्हाई अजून."

"ती विसरली असेल परत करायला. तिच्या घरी जाऊन बसलेली असेल."

"असंल. मग तिच्या घरनं तिचा आवाज येऊ द्या."

साहेब चिडले. म्हणाले, लेखी खुलासा द्यावा लागेल. तेव्हा मंदाताईनं खटक्याच्या कुलपाची किल्ली पदराच्या टोकाला बांधली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही हितं या. तुमच्या हातानं सोडा. ह्या हातानं सुटणार न्हाई."

मग साहेब म्हणाले, "बरं. थांबा."

अगदी त्याच वेळी मी दोन्ही हातांनी तार धरून जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बांधत होते. कुणी म्हणेल, रॉड लावलेला होता ना? होता. लाइन सुटली असती तर रॉडमुळे ब्रेकर परत पडलाही असता. पण तो पडेपर्यंतचा क्षण, हातात तार असलेल्या माणसाला तेवढाही पुरतो. मंदाताईच्या नवऱ्याच्या तारेलाही रॉड लावलेला होता.

मी उतरले. रॉड काढला. घाम पुसून फोन बघितला तर न घेतलेले फोन एकाखाली एक. मंदाताईला लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"कोण बोलतंय?"

"अगं, मी छाया."

"नीट सांग."

"छाया ओव्हाळ. उतरलेय मी. परमिट परत." मी नंबर सांगितला.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "भवाने, फोन गळ्यात बांधत जा," आणि लाइन सोडली. गावात पंखे फिरले, पोरांनी आरडाओरडा केला. मला तेव्हा काहीही ठाऊक नव्हतं. मी स्कूटी काढायला वस्तीकडे निघाले. वाटेत, मांडवाच्या मागच्या बाजूला आप्पा दिसले. मला कॅनॉलकडून, खांद्यावर रॉड घेऊन येताना बघून ते जागच्या जागी थबकले.

"तुम्ही... आत्ता उतरलात?"

"हो आप्पा. लाइट आली ना?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी ते सबस्टेशनला आले. मी तिथंच होते. ते माझ्याशी नाही, मंदाताईशी बोलायला लागले. "ताई, गाडी दिसली न्हाई म्हणून मला वाटलं..."

"वाटलं," मंदाताई म्हणाली. "आप्पा, गाडी तिथनं कुणी हलवली?"

आप्पा फरशीकडे बघत राहिले.

"तिथं बाकीच्या गाड्या व्हत्या का न्हाई?"

"व्हत्या."

"मग?"

पाठीमागच्या खुर्चीत ते बसले. मंदाताई उठली, माठातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. "छाया, आप्पांना पाणी दे." मी दिलं. आप्पांनी तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला. जाताना मला म्हणाले, "माझ्या हातनं काय झालं असतं, पोरी." बाई नाही, पोरी.

गाव एका दिवसात बदललं असं मी लिहिणार नाही. ते खोटं ठरेल. पण पुढच्या खेपेला मी सवयीनं स्कूटी वस्तीकडे वळवली तर आप्पा कट्ट्यावरून ओरडले, "हिकडं! लिंबाखाली!" तिथं त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर उभा होता, तो त्यांनी पोराला काढायला लावला. त्यानंतर ती जागा माझीच. एकदा कुणा पाहुण्यानं तिथं चारचाकी लावली तर चक्कीवाल्या बायकांनीच त्याला उठवलं, "ती वायरमनबाईची जागा हाय. आम्हाला लाइटीचं कसं कळायचं?" म्हातारीची वाटी मात्र ती जाईपर्यंत सुटली नाही. फक्त आप्पांनी तिला मीटरपासून लांब ठेवलं. ती उंबऱ्यावर शिंपडायची. फ्यूज उडायचे थांबले. तेवढी प्रगती मी पदरात पाडून घेतली.

खंत आहे ती वेगळीच. एका स्कूटीनं लिंबाखाली उभं राहण्यासाठी माझ्या जिवापर्यंत गोष्ट जावी लागली. आणि मंदाताईच्या नवऱ्याच्या वेळी पॅनेलपुढं कुणी मंदाताई नव्हती.

यंदा मंदाताई निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, भाषण केलं. निघताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "एक मागू का? मला तुला चढताना बघायचंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत तिनं मला खांबावर कधी पाहिलेलंच नाही. कसं पाहणार? मी वर असताना तिला पॅनेलपाशीच असावं लागायचं. आणि नवरा गेल्यापासून तिनं कुठल्याच खांबाकडे मान वर करून बघितलं नव्हतं. रस्त्यानं जाताना ती खाली बघून चालायची, ते मी पाहिलेलं आहे.

पुढच्याच आठवड्यात आप्पांच्या गावात काम निघालं, तेव्हा मी तिला स्कूटीवर मागं बसवून नेलं. केसांत अबोली होती. लिंबाखाली गाडी लावली. नव्या ऑपरेटर मुलीकडून मी परमिट घेतलं, रॉड लावला. खांब देवळाच्या समोरच होता. मंदाताई कट्ट्याच्या पायरीवर बसली, पदराचं टोक मुठीत धरून. मी चढायला लागले तेव्हा ती जमिनीकडेच बघत होती. वर पोचून पट्टा अडकवला आणि खाली पाहिलं. ती उभी राहिली होती. एक हात कपाळावर आडवा धरून, मान पूर्ण मागं टाकून ती वर बघत होती. काम होईपर्यंत तिनं मान खाली केली नाही.

मी उतरले, रॉड काढला, नव्या मुलीला फोन करून नाव आणि नंबर सांगितला. देवळातला दिवा लागला. फोन ठेवून वळले तर मंदाताई माझ्यापासून दोन हातांवर उभी.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

"दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. तरी सांग."

चक्कीच्या दारात बायका उभ्या होत्या. कट्ट्यावर आप्पा बसले होते. मी श्वास घेतला आणि लिंबावरची पाखरं उडतील एवढ्या मोठ्यानं सांगितलं,

"छाया ओव्हाळ. उतरलेय."